बिरू कोकरेची खुंटी

“हा बघा बिरू कोकरे! सकाळी न्याहारीला परातभर तूप पितो आन् दुपारी हात धुवायला नदीत उतरला, की खालच्या तीन गावांचं पाणी अडतं!”

मी कुस्तीच्या हौद्याच्या कडेनं फिरत ओरडलो आणि सगळं मैदान खदखदून हसलं. बिरू तेवढा हसला नाही. एरवी माझ्या थापांना पहिला तोच हसायचा.

“आन् ह्यो मिरजेकडचा इमाम मुजावर! ह्याला पाळणा पुरंना म्हनून बापानं विहिरीच्या मोटंत घालून जोजवलाय!”

इमामचा म्हातारा बाप समोरच बसला होता. तोंडाचं बोळकं उघडून तो असा हसला की हातातली काठी गळून पडली.

माझं नाव सोपान गुरव. कासारशेतच्या टेकडीवर जी जानाई आहे, तिचा मी गुरव, आणि माघातल्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानाचा पुकाऱ्या. लाऊडस्पीकर आमच्या बाजूला अजून आला नव्हता. माझा गळाच लाऊडस्पीकर. गावाला गळ्याची किंमत होती, त्यातून निघणाऱ्या मजकुराची नव्हती. ‘सोपाना म्हणत होता’ असं कुणी म्हटलं, की ऐकणारा पुढचं ऐकायच्या आधीच हसायचा. ही गोष्ट ऐकून तुम्हीही हसाल. खुशाल हसा. ह्या गोष्टीला तुमचं हसणं लागतंच. का लागतं, ते कळेल.

बेचाळीसचा वणवा पेटल्याला वर्ष होऊन गेलं होतं. आमच्या बाजूला गावोगाव पोरं भूमिगत झालेली, रेल्वेच्या तारा तुटलेल्या, चावड्या जळालेल्या. जत्रेच्या आधीच्या आठवड्यात पाटणे गुरुजी सापडले. शाळा सोडून रानात गेलेला हा माणूस साऱ्या भागातल्या पोरांना माहीत, आणि साऱ्या भागातली पोरं त्याला माहीत. कोण कुठं लपलंय, कुणाच्या घरी जेवतंय, सगळं त्या एका डोक्यात. कासारशेतच्या कचेरीतल्या कोठडीत त्यांना ठेवलं होतं. मारलं होतं, पण ते बोलले नव्हते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी लॉरी येऊन त्यांना पुण्याला नेणार होती, आणि तिथं बोलतं करणारी माणसं वेगळी असतात असं लोक हळू आवाजात म्हणत होते.

पण जत्रा ती जत्रा. फौजदार स्वतः कुस्तीचा वेडा. तो आपले शिपाई घेऊन मैदानात आला आणि हौद्याला लागून खुर्ची टाकून बसला. एवढा जमाव आहे, बंदोबस्त पाहिजे, असं त्यानं सरकारला कळवलं असणार. खरं सांगायचं तर त्याला बिरूची ढाक बघायची होती.

ढाक म्हणजे काय, ते बिरूचीच बघायला हवी होती. समोरच्याच्या मानेत हात पडला, की कमरेवरून तो वर जायचा आणि पाठीवर येऊन पडायचा. मधला भाग डोळ्यांना दिसायचा नाही. मी लोकांना सांगायचो, मधल्या वेळात तो माणूस साताऱ्याला जाऊन येतो.

बिरू धनगराचा. आईबाप पटकीत गेले, तेव्हा हैबती वस्तादांनी त्याला मेंढरांतून उचलून तालमीत आणला. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. ह्या माणसाचं जग म्हणजे ती तालीम, तिथली तांबडी माती आणि भिंतीवरच्या खुंट्यांची ओळ. आमच्या तालमीत प्रत्येक पैलवानाची एक खुंटी असायची. तिच्यावर त्याचा लंगोट. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. पैलवान म्हातारा झाला, मेला, तरी खुंटी राहायची. ती निघायची एकाच कारणानं. ठरवून खोटी कुस्ती, म्हणजे नुरा, केली तर. मग वस्ताद स्वतःच्या हातानं खुंटी उपसायचे आणि भोक बुजवू द्यायचे नाहीत. नवा पोरगा आला की विचारायचा, हे भोक कसलं? आणि त्याला सांगायचं, इथं एक माणूस होता.

तसं एकच भोक होतं त्या भिंतीत, वस्तादांच्या गुरूंच्या वेळचं.

त्या दिवशी सकाळी वस्तादांनी साऱ्या तालमीसमोर सांगितलं होतं, “आज बिरूची कुस्ती झाली की मी फेटा उतरवणार. तालीम त्याची. मी कोपऱ्यात बसून खोकणार.”

बिरूनं पायाला हात लावला, पण वर बघितलं नाही. मी म्हटलं, रडत असेल.

सलामी झडली. हलगी कडाडली. मी कडेला उकिडवा बसलो.

इमाम चांगला मल्ल होता. पण चांगला आणि बिरू, ह्यात अंतर होतं. पहिल्याच झटापटीत बिरूचा हात त्याच्या मानेत गेला. मी तोंड उघडून तयार. आता हा उचलणार आणि मी ‘गेला साताऱ्याला’ म्हणून बोंब ठोकणार.

हात सुटला.

मैदान ‘हाऽऽ’ करून गप्प झालं. मला वाटलं, घामानं निसटला असेल. पण माघातली थंडी होती आणि घाम अजून आलाच नव्हता.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मानेत हात, कंबर आत, आणि ऐन वेळी बिरू बाजूला. आता माझी उत्सुकता चाळवली. मला जन्मजात खोड आहे. कुणाच्या घरातून धूर निघाला तर काय शिजतंय ते कळेपर्यंत मला झोप येत नाही. मी कुस्ती बघायची सोडून बिरूचे डोळे बघायला लागलो.

ते डोळे इमामवर नव्हतेच. खडाखडी करता करता तो गोल फिरायचा, आणि तोंड टेकडीकडं झालं की नजर वर जायची. जानाईच्या देवळाकडं. पुन्हा फिरला, पुन्हा वर. पैलवानानं समोरच्याच्या डोळ्यांतनं डोळा काढायचा नाही, हे तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात.

“आरं डोळं कुठं गहाण टाकलंस?” हैबती वस्ताद उठून उभे राहिले. “समोर बघ, समोर! देवी काय उतरून यायची न्हाई तुझी कुस्ती खेळाया!”

लोक हसले. मी वळून टेकडीकडं बघितलं. देऊळ, बाजूला दीपमाळ, वर घारी. मी तिथला गुरव. मला तिथलं सगळं माहीत, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

कुस्ती लांबली. उन्हं कलली. इमामनं जीव तोडून डाव टाकले आणि बिरूनं ते सारे सोडवले, पण स्वतः एकही टाकला नाही. जमावात कुजबूज सुरू झाली. मग एका कोपऱ्यातून आवाज आला, “नुरा हाय ही! नुरा!”

“कोन रं तो?” वस्ताद गरजले. “माझ्या तालमीचा पोरगा हाय त्यो! जीभ हासडीन!”

पण वस्तादांचा आवाज चिरकला होता. ते मी ऐकलं.

एवढ्यात फौजदारानं जांभई दिली आणि खुर्ची मागं सरकवली. “घोडा आणा रे,” तो शिपायाला म्हणाला. “ही सुटणार बरोबरीत. दिवस मावळायच्या आत आपल्या पाहुण्याला एकदा बघून येऊ. निम्मे जण चला माझ्याबरोबर.” पाहुणा म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. दोघातिघांनी मान खाली घातली.

खुर्ची हौद्याला लागून होती. आतल्या दोघांनीही ते ऐकलं असणार. बिरूनं टेकडीकडं बघितलं. मीही बघितलं. दीपमाळ, घारी. फौजदारानं रिकिबीत पाय घातला.

आणि मग इमामनं बिरूचा पाय धरला. साधा एकेरी पट. तालमीतलं मिसरूड न फुटलेलं पोर सोडवतं तो. बिरूनं तो सोडवला नाही. मी जवळ होतो, माझ्या डोळ्यांसमोर झालं. बिरूनं एकदा वस्तादांकडं बघितलं. टेकडीकडं नाही, वस्तादांकडं. आणि पाठ मातीला लावली.

हलगी थांबली. आधी कुणाला काही समजलंच नाही. मग जे झालं, त्याबद्दल मी कितीही थाप मारली तरी ती कमीच पडेल. सगळं मैदान हौद्यात कोसळलं. दगड आले, चपला आल्या, फौजदाराची खुर्ची तीन जणांच्या डोक्यावरून गेली. “इकला! बिरू इकला!” घोडा उधळला. फौजदार खाली उतरून शिट्ट्या मारत होता, “सगळे आत या! एकानं हलायचं नाही! कडं करा!” कचेरीकडं निघालेले शिपाई मागं फिरले आणि काठ्या आडव्या धरून बिरूभोवती उभे राहिले. नाहीतर लोकांनी त्याला फाडला असता.

त्या गोंधळात इमामचा बाप कसा आत शिरला देव जाणे. काठी टाकून त्यानं पोराच्या मांडीलाच मिठी मारली, कारण गळ्यापर्यंत हात पुरत नव्हता. “पाडलास! बिरू कोकरेला पाडलास रं माझ्या राजा!” म्हातारा ढसाढसा रडत होता. इमामही रडत होता. आणि बिरू त्यांच्या पायांशी उताणा पडून खालून ते बघत होता.

पोलिसांचं कडं फोडून हैबती वस्ताद आले. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी मारलं नाही. वाकून त्यांनी आपल्या उपरण्यानं बिरूच्या छातीवरची, खांद्यावरची माती पुसून काढली. नीट, हळूहळू, लहान पोराला पुसावं तशी.

“ही माती तुझी न्हाई,” एवढंच म्हणाले.

लोक पांगायला दिवस मावळला. मग कचेरीकडून बोंब आली. कोठडी उघडी, राखणीला ठेवलेला एकुलता शिपाई स्वतःच्याच फेट्यानं खांबाला बांधलेला, आणि गुरुजी नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवीच्या पूजेला टेकडी चढलो, तर दीपमाळेवर एक पांढरं धोतर. ओलं. मला नवल वाटलं. देवीला लुगडं चढतं, दीपमाळेला धोतर कोण चढवणार? इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मालक दिसेना. धोतर चांगल्या सुताचं होतं. देवीनंच दिलं म्हणायचं, झटकलं आणि नेसलो.

खाली आलो तर फौजदारानं बोलावणं धाडलेलं. तेच धोतर नेसून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. वस्तादही तिथंच होते.

“सोपान गुरव, तू जवळ होतास. हा बिरू सारखा वर काय बघत होता?”

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो देव जाणे, पण माझ्या आधी वस्तादच बोलले.

“काय बघनार? खाली बघायला त्वांड न्हवतं म्हनून वर बघत हुता! इकल्याला मान खाली घालून कुस्ती करता येती व्हय साहेब? त्या हरामखोराचं नाव माझ्यासमोर काढू नगा.” आणि वस्ताद रडायला लागले.

असा वस्ताद रडतोय म्हटल्यावर फौजदाराला दुसरा पुरावा कशाला पाहिजे? गावच्या गाव बिरूला शिव्या देत होतं. भूमिगतांच्या माणसावर कुणी असं थुंकत नाही. त्यानं बिरूचं नाव खोडलं आणि दुसरीकडं शोध धरला.

त्याच दिवशी वस्तादांनी बिरूची खुंटी उपसली. भिंतीत दुसरं भोक पडलं.

बिरूनं गाव सोडलं नाही. लोकांनी सोडायला लावायचा प्रयत्न केला, तरी सोडलं नाही. कुणाची तरी मेंढरं वळायला घेतली आणि टेकडीच्या मागं राहायला लागला. तालमीची पोरं रस्त्यात दिसली की ‘किती घेतलंस रं?’ म्हणायची. ज्या माणसानं त्यांच्यातल्या चौघांना काखेत घालून नदी ओलांडली असती, तो बाजूला होऊन मेंढरं आधी जाऊ द्यायचा. इमामचं मात्र नाव झालं. मिरजेत त्याला तालीम मिळाली. त्याचा म्हातारा पुढच्याच वर्षी गेला. ‘बिरूला पाडणाऱ्याचा बाप’ म्हणून गेला, असं लोक सांगायचे.

कुणी बिरूला तोंडावर विचारलंच, तर तो म्हणायचा, “इमाम भारी हुता त्या दिशी. पाडलं मला.”

मला हे पटायचं नाही. माझं कुतूहल तसंच राहिलं. ते मिटलं स्वातंत्र्याच्या दिवशी.

चावडीवर झेंडा चढला. गुरुजी आले होते, केस पांढरे झालेले, एक हात नीट वर होत नव्हता. भाषणाला उभे राहिले. “मला कोठडीतून काढणाऱ्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत,” ते म्हणाले. “पण एक नाव तुम्हाला माहीत नाही. ज्या माणसानं...”

मी गर्दीच्या मागं एका ओट्यावर उभा होतो, कारण मला पुढच्यांची डोकी चालत नाहीत. तिथून दिसलं. अगदी शेवटी, घोंगडं पांघरून, बिरू उभा. गुरुजींची नजर त्याच्यावर गेली. बिरूनं मान हलवली. डावीकडून उजवीकडं, एकदाच. गुरुजी थांबले. घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “...ज्या माणसानं मला नदी ओलांडायला गूळ कढवायची काहील दिली, त्या गुऱ्हाळवाल्याचं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओट्यावरून उडी मारली आणि बिरूच्या मागं लागलो. टेकडीच्या अर्ध्यावर गाठला.

“बिरू! थांब की मर्दा! ऊर फुटला माझा!”

“तुझा ऊर न्हाई, प्वाट फुटतंय, सोपाना.”

“मग सांग की. तू हात सोडलास, मी बघितलं. पाठ लावलीस, तेबी बघितलं. गुरुजीला मान हलवलीस, ते आत्ता बघितलं. सांगितलं न्हाईस तर इथंच मरंन, आन् देवीची पूजा बुडाल्याचं पाप तुझ्या डोक्यावर.”

तो हसला. त्या जत्रेनंतर पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. दगडावर बसला. मेंढरं पसरली.

“कुस्ती चालू हाय तवर फौजदार उठत न्हाई, हे साऱ्यास्नी ठावं हुतं,” तो म्हणाला. “म्हनून भूमिगत पोरांनी मला सांगितलं, लांबव. गुरुजी नदीपार झालं की एक जन धोतर दीपमाळंला टाकंल. त्ये दिसलं की मग पाड खुशाल. मी म्हनलं, बरं.”

“धोतर?” मी माझ्या कमरेकडं बघितलं. तीन वर्षं उलटून गेली होती, पण अजून तेच होतं. “ह्ये?”

“ह्येच. गुरुजीचं. काहिलीत बसून जाताना भिजलेलं.”

गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडलेल्या माणसाचं धोतर नेसून मी फौजदारापुढं उभा होतो! माझ्या जन्मभराच्या थापांत एवढी मोठी थाप मला सुचली नव्हती.

“पन फौजदार उठला की,” बिरू म्हणाला. “तू बघितलंसच. कचेरीपातूर पोचला असता तर गुरुजी दारातच घावलं असतं, आन् त्यांच्याबरूबर आमची चार पोरं. कुस्तीनं तर त्यो थांबत न्हवता. मग कशानं थांबंल? दंग्यानं. दंगा कशानं हुईल?”

“तू पडल्यानं.”

“तेवढंच हुतं हातात.” त्यानं एका कोकराला जवळ ओढलं. “गुरुजी मागं एकदा म्हनलं हुतं, ज्याच्याजवळ जे असंल ते त्यानं द्यायचं. कुनी भाकरी दिली. कुनी काहील दिली. माझ्याजवळ काय हुतं, सोपाना? ना जमीन, ना घर. नाव हुतं. ते दिलं.”

मी त्याच्या शेजारी दगडावर टेकलो.

“आता तर झेंडा लागला,” मी म्हणालो. “आता सांग की! वस्तादाला सांग. त्यो म्हातारा आतनं जळतोय. खुंटी परत बसवंल. गुरुजी सोता सांगत हुतं, तर तू अडवलंस!”

“आन् इमाम?”

“इमामचं काय?”

“मी मातीत पडलो हुतो. वर त्याचा बाप त्याच्या मांडीला मिठी मारून रडत हुता. मी खालनं बघितलं रं त्या म्हाताऱ्याचं त्वांड.” बिरू टेकडीखाली बघत होता. “त्यानं पाठ लावली न्हाई माझी, मीच लावली, असं आता सांगू? त्याची तालीम त्या एका कुस्तीवर उभी हाय. त्याला अजून वाटतं, त्यानं पाडलं. देऊन टाकलेलं परत मागायचं व्हय?”

“मग मला कशापायी सांगितलंस?”

“तुलाच सांगता येतं.” आता तो अगदी खोडकर हसला. “तुझं कुनी खरं मानत न्हाई. तुझ्या पोटात राहनार न्हाई, मला ठावं हाय. सांग. साऱ्या दुनियेला सांग. पन तुझ्या पद्धतीनं सांग.”

मी सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, एस्टीच्या थांब्यावर सांगितलं. बिरूनं एका हातात इमाम आणि दुसऱ्या हातात फौजदाराचा घोडा धरला होता, असं सांगितलं. गुरुजी काहिलीतून थेट समुद्राला लागले आणि मगरीनं त्यांना परत आणून सोडलं, असं सांगितलं. एकदा हत्तीही घातला. लोक पोट धरून हसायचे. ‘सोपाना, बिरूची गोष्ट सांग’ म्हणायचे. साऱ्या तालुक्याला ठाऊक असलेलं असं गुपित कुणी ठेवलं नसेल. बिरू कुठं भेटला तर विचारायचा, “आता कुठवर आलोय मी?” मी म्हणायचो, “लंकेपर्यंत.” तो मान डोलवून पुढं जायचा.

मग हैबती वस्तादांनी अंथरूण धरलं. तालमीतच खाट टाकली होती, खुंट्यांच्या भिंतीला लागून. त्या दोन भोकांकडं पाठ करून ते निजायचे. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. सगळ्यांना बाहेर घालवलं.

“बस,” ते म्हणाले. “पोरं म्हनत्यात तू बिरूची काय तरी गोष्ट सांगतुयास.”

“लोकं हसत्यात, वस्ताद. करमनूक.”

“मलाबी हसव. मरायला टेकलोय. सांग.”

मी खाटेच्या कडेला बसलो. तोंड उघडलं आणि माझी मलाच पंचाईत झाली. त्या माणसासमोर हत्ती आत येईना. मगर येईना. मी साधी सांगितली. हात कसा सुटला, फौजदार कसा उठला, बिरूनं शेवटी कुणाकडं बघितलं. धोतर. काहील. इमामचा बाप. बिरू काय म्हणाला ते. संपलं तेव्हा लक्षात आलं की फार थोडा वेळ लागला होता.

वस्ताद डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोप लागली.

“थापाड्या,” ते म्हणाले.

“व्हय वस्ताद.”

“ती पोरं म्हनत हुती, ह्या गोष्टीत घोडा उचललाय.”

“न्हाई उचलला.”

“मगर हाय म्हनं.”

“न्हाई.”

“हत्ती?”

“न्हाई, वस्ताद.”

मग कूस बदलून, इतकी वर्षं ज्या भिंतीकडं पाठ होती तिच्याकडं तोंड केलं.

“जा,” म्हणाले. “सुताराला लावून दे हिकडं.”

दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा. तालमीत बिरूच्या भोकात नवी खुंटी कुणाची बसवली? वस्तादांना विचारायची कुणाची छाती होईना, म्हणून सगळे मला विचारत होते. मी खरं तेच सांगितलं आणि सगळे हसले.

बिरूला मी गाठला आणि काही न सांगता घेऊन आलो. तो तालमीच्या दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. आत पाय टाकेना. घोंगडं खांद्यावर, काठी हातात. तिथून त्यानं ती खुंटी बघितली. ताज्या बाभळीची, जुन्या काळ्या ओळीत पांढरीशुभ्र.

आतून खोकला आला. मग आवाज.

“कोन हाय दारात?”

मी गप्प राहिलो. आयुष्यात थोड्या वेळा राहिलोय, त्यातली ही एक.

“बिरू,” बिरू म्हणाला.

आत खाट करकरली.

“वारं येतंय,” वस्ताद म्हणाले. “दार लाव.”

बिरूनं दाराला हात घातला. बाहेरूनच ओढून घ्यायला लागला.

“आरं मेंढरा,” आतून आवाज आला, “आत येऊन लाव.”